पगारी सेवा आणि आपले माणूस

‘त्यांनी आईला बाईच्या भरवशावर टाकले आहे,’ हे वाक्य आपल्या मराठी घरांतून किती सहज बोलले जाते! लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, दहाव्याला जमलेल्या मंडळींत कुणीतरी आवाज खाली आणून ते बोलतो आणि ऐकणारे माना हलवतात. आरोपी गैरहजर, साक्षीपुरावा नाही, पण निकाल लागलेला असतो. याच्या अगदी उलट असे दुसरे वाक्यही आपल्याकडे आहे. ‘शेवटपर्यंत घरच्यांनीच केले हो, बाहेरचे माणूस म्हणून लावले नाही.’ हे प्रशस्तिपत्र. एखाद्या घराला ते मिळाले की पुढच्या दोन पिढ्या ते मिरवतात.

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आज आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे अवघडून उभी आहेत. म्हणून हा प्रश्न एकदा नीट मांडून पाहावा असे वाटते. पैसे देऊन करवून घेतलेली सेवा ही मुळातच कमअस्सल असते का? आणि ती करवून घेणारा मुलगा, मुलगी किंवा सून कर्तव्याला चुकलेली असते का?

माझ्यापुरता हा प्रश्न पुस्तकी नाही. मी इंदूरला सराफ्यात राहतो. वय एकाहत्तर. बँकेतून निवृत्त. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माई राहतात. वय चौऱ्याऐंशी. मराठी शाळेत त्यांनी तीस-एक वर्षे शिकवले. यजमान गेले, मुलगा आणि सून कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागा गावी. माईंना तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. त्यांच्याजवळ चोवीस तास एक बाई असते, ती बडवानी जिल्ह्यातली. गेल्या चैत्रात माईंच्या सुनेचा मला फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर ती म्हणाली, “काका, खरं सांगा. मी नोकरी सोडून तिकडे यावं का? इथे मी रोज दुसऱ्यांच्या आयांना अंघोळ घालते, आणि माझ्या सासूला दुसरीच कुणी घालते. हे बरोबर आहे का?”

तिची नोकरी काय, हे सांगायला हवे. इंदुरात असताना ती एका खासगी कचेरीत हिशेब लिहीत असे. कॅनडात गेल्यावर तिने रुग्णसेवेचा वर्ग केला आणि आता ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. दिवसाला चार-पाच घरे. कुणाला उठवायचे, कुणाला न्हाऊ घालायचे, कुणाच्या गोळ्या पाहायच्या. मी तिला तेव्हा उत्तर दिले नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. तो विचार असा.

ऋणाचा हिशेब

आपल्याकडे या विषयाची सुरुवात ‘ऋण’ या शब्दाने होते. आईबापांनी वाढवले, आता फेडा. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण परंपरेत पितृऋण फेडण्याचा मार्ग म्हणून जो सांगितला आहे तो आहे संतती वाढवण्याचा, वंश पुढे नेण्याचा. म्हणजे ते ऋण मागे फेडायचे नसून पुढे द्यायचे आहे. शिवाय आईबापांनी सोसलेल्या कष्टांची भरपाई शंभर वर्षांतही होत नाही, असे मनुस्मृतीही म्हणते. ज्याची फेड होऊच शकत नाही त्याला कर्ज तरी कसे म्हणायचे? मी आयुष्यभर बँकेत कर्जखाती सांभाळली. कर्जाला रक्कम असते, मुदत असते, आणि फेडले की खाते बंद होते. आईचे खाते कुणी बंद करून दाखवावे!

आणि खरोखरच ते कर्ज असते, तर दरमहा पैसे पाठवणाऱ्या मुलाला बोल लावण्याचा कुणालाही अधिकार नसता. हप्ता वेळेवर येत आहे ना? मग झाले. तरीही आपण बोल लावतो, याचा अर्थ मनात कुठेतरी आपल्याला ठाऊक असते की हा व्यवहार कर्जाचा नाही. जेन इंग्लिश नावाच्या अमेरिकन तत्त्वचिंतक बाईंनी १९७९ मध्ये हेच म्हटले होते. मुले आईबापांना काही ‘देणे लागत’ नाहीत, जे करायचे ते मैत्रीसारख्या नात्यातून उगवते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या कानांना हे कठोर वाटेल. त्याला एक रास्त आक्षेपही आहे. नाते आटले तर कर्तव्यही आटले म्हणायचे का? ज्याचे आईशी पटत नाही तो मोकळा?

इथे कायदा पुढे येतो आणि म्हणतो, नाही, मोकळा नाही. आपल्याकडे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी एवढे मागता येते, आणि निर्वाहाची रक्कम मूळ कायद्याप्रमाणे महिना दहा हजार रुपयांच्या वर जात नाही. लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी येते, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच एका मराठी डॉक्टर मुलीच्या खटल्यात ठरवले होते. आपल्या मध्यप्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईने मुलाला घर बक्षीसपत्राने दिले, मुलाने सांभाळ केला नाही, आणि २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घर आईला परत दिले.

हे कायदे फक्त आपल्याकडेच असतात असेही नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, जिथे माईंचा मुलगा राहतो तिथेही, गरजू आईवडिलांना ऐपतीप्रमाणे पोसण्याची जबाबदारी सज्ञान मुलांवर कायद्याने आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मात्र अशी तरतूद २०११ मध्ये काढून टाकली.

पण या सगळ्या कायद्यांना एक उंबरठा आहे. पैसे देववता येतात, घर परत मिळवून देता येते. रात्री अडीच वाजता उठून कूस बदलून द्यायला कोणतेही न्यायालय कुणाला लावू शकत नाही. आणि आपला प्रश्न नेमका त्या अडीच वाजताचा आहे.

‘घरच्यांनी’ म्हणजे कुणी?

आता ते दुसरे वाक्य तपासू. ‘शेवटपर्यंत घरच्यांनीच केले.’ हे घरचे म्हणजे कोण? माझ्या लहानपणी आमच्या आजी अकरा महिने अंथरुणावर होत्या. घरात कर्ते पुरुष चार. आजीचे सगळे केले माझ्या आईने. कौतुक झाले ते घराण्याचे. आईला कुणी विचारले नव्हते, आणि तिनेही ‘मला विचारले नाही’ असे कधी म्हटले नाही, कारण तसे म्हणता येते हेच तिला ठाऊक नव्हते.

पुंडलिकाची गोष्ट आपण सगळे जाणतो. साक्षात देव दारात आला, पण आईबापांच्या सेवेत असलेला पुंडलिक उठला नाही. वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि मोठी वाटण्याचे कारण हे की ती एका मुलाची गोष्ट आहे. सेवा स्वतः पुरुषाने केली आणि देवाला ताटकळत ठेवले. या कथेच्या गावी जाऊन वारी करणाऱ्या आपल्या समाजाने मात्र ते काम मुकाट्याने सुनेच्या पदरात टाकले. गंमत अशी की २००७ च्या कायद्यात निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सुनेचे नावच त्यात नाही. सून आणि जावई यांनाही जबाबदार धरावे असे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे जिच्यावर कायद्याने काही नाही तिच्यावर रूढीने सगळे.

हे जुन्या काळापुरतेच आहे असेही नाही. सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या लहानथोरांची विनामोबदला काळजी घेणाऱ्यांपैकी बायकांचा दिवसाला सरासरी १३४ मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषांचा ७६.

तेव्हा पगारी बाई आली म्हणजे माया संपली, असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. जिला पगार मिळतो तिच्या कामाला निदान काम म्हटले जाते. तिचे तास मोजता येतात, तिला रजा मागता येते, न पटल्यास सोडून जाता येते. आमच्या आईला यांतले काहीही करता येत नव्हते. प्रेमाने केलेली सेवा श्रेष्ठ, हे खरेच. पण नाइलाजाने केलेल्या सेवेला आपण पुष्कळदा प्रेमाचे नाव दिले आहे.

तिकडचे आणि इकडचे

‘पाश्चात्त्य देशांत आईबापांना आश्रमात टाकतात’ ही आपली आणखी एक आवडती समजूत. माईंच्या सुनेशी गेल्या काही वर्षांत जे बोलणे झाले आणि मी जे वाचले, त्यावरून ही समजूत बरीच ढिली करावी लागते. कॅनडाच्या सरकारी पाहणीप्रमाणे २०१८ मध्ये पंधरा वर्षांवरील दर चार माणसांपैकी एक जण, म्हणजे सुमारे ७८ लाख लोक, आपल्या आजारी, अपंग किंवा वृद्ध आप्तेष्टांची काळजी घेत होते. पगार न घेता.

त्यांच्याकडे १९८४ च्या आरोग्य कायद्याने दवाखाना आणि डॉक्टर यांचा खर्च सरकार उचलते, पण घरी येऊन करायची शुश्रूषा त्या हमीत बसत नाही. ती प्रांताप्रांतावर सोपवलेली आहे. कुणीतरी अधिकारी घरी येऊन पाहतो, आठवड्याला इतके तास असे ठरवून देतो. त्या तासांत अंघोळ होते, गोळ्या होतात. उरलेले तास नवऱ्याचे, बायकोचे, लेकीचे. मरणासन्न आप्ताजवळ राहता यावे म्हणून तिथे २००४ पासून नोकरदाराला सवेतन नव्हे, पण विम्यातून भत्ता मिळतो. आरंभी तो सहा आठवडे होता, पुढे सव्वीस आठवडे झाला. शेवटच्या दिवसांत मायेलाही रजा लागते, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू लागले. चांगलेच झाले. पण तेही दवाखान्यात दाखल झालात तर. घरी पडून असलेल्या माणसाला जे लागते, पाणी, बेडपॅन, कूस आणि सोबत, ते त्यात नाही. दोन्ही देशांचा कायदा घराच्या दारापाशी येऊन थबकतो आणि आतली बाई पुढे होते.

आणि आश्रमांचे म्हणाल तर २०२० च्या साथीत पहिल्या लाटेत कॅनडात जे मृत्यू झाले त्यांतले दर पाचापैकी चार अशा वृद्धांच्या निवासगृहांतले होते. क्वेबेक आणि ऑन्टारियोत काही ठिकाणी लष्कराचे जवान पाठवावे लागले. तेव्हापासून ‘काही झाले तरी मला घरीच ठेवा’ असे तिकडचे म्हातारेही अधिकच म्हणतात, असे सून सांगते. म्हणून तर तिला कामाची कमतरता नाही.

साखळीचे शेवटचे टोक

आता खरी अडचण. मिसिसागात कुणाच्या तरी आईला माईंची सून सांभाळते. इंदुरात माईंना बडवानीची बाई सांभाळते. मग बडवानीच्या बाईच्या आईला कोण सांभाळते?

हा प्रश्न मी तिला एका संध्याकाळी सहज विचारला. आमचे बोलणे हिंदीत होते. ती म्हणाली, तिची आई डोळ्यांनी अधू आहे, आणि तिच्याजवळ तेरा वर्षांची नात असते. म्हणजे या बाईची मुलगी. शाळा? “छुड़वा दी, काकाजी. और कौन देखता?”

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली अशा प्रकाराला ‘काळजीची साखळी’ म्हटले आहे. एका देशातली आई दुसऱ्या देशातल्या घरासाठी जाते, तिच्या घरी तिसरी येते, आणि प्रत्येक कडीला मोबदला कमी कमी होत जातो. शेवटच्या कडीला तो शून्य असतो. कॅनडाने १९९२ ते २०१४ या काळात घरात राहून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी खास योजनाच चालवली, आणि तीत फिलिपीन्समधल्या हजारो बायका आपली मुले मागे ठेवून गेल्या. आपल्या साखळीचे शेवटचे टोक तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात आहे. तिला पगार नाही, शाळा नाही, आणि तिने आजीचे केले म्हणून पंगतीत तिचे कौतुक करणारेही कुणी नाही.

मला वाटते, पगारी सेवेतला पापाचा अंश असलाच तर तो इथे आहे. आईला ‘परक्या’ बाईच्या हाती दिले यात तो नाही. त्या परक्या बाईलाही आई आहे, हे विसरण्यात आहे. घरकामगारांना इतर कामगारांसारखेच हक्क असावेत असा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली जिनिव्हात झाला. भारताने बाजूने मत दिले, पण करार अजून स्वीकारलेला नाही. तोवर आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार, आजारपणाची रजा, या गोष्टी तुमच्या-माझ्या सज्जनपणावर आहेत, आणि सज्जनपण हा फार भरवशाचा कायदा नव्हे.

पाणी कोणत्या भाषेत मागायचे?

आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या लोकांसाठी यात आणखी एक पेच आहे. माई आयुष्यभर बाजारात, बँकेत, शेजारी उत्तम हिंदी बोलल्या. आजार वाढला तशी त्यांची हिंदी हळूहळू गळाली. मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईकडून मिळालेली राहते, हे अशा रोग्यांत पुष्कळदा दिसते. आता माईंना तहान मराठीत लागते, दुखते मराठीत, भीतीही मराठीत वाटते.

बडवानीचा तो मुलूख महाराष्ट्राला लागून. तिथल्या हाटात खानदेशी कानांवर पडते, त्यामुळे या बाईला थोडे समजत होते. उरलेले ती शिकली. ‘पाणी’, ‘नको’, ‘कूस’, ‘गार लागतंय’, ‘आई कुठाय’. शेवटचा शब्द माई स्वतःच्या आईसाठी वापरतात, जी गेल्याला साठ वर्षे झाली. पहिल्यांदा ते ऐकून ती बाई घाबरली होती. आता ती म्हणते, “इथंच हाय, झोपा.” हे मराठी तिला कुणी शिकवले नाही.

टोरोंटोत चिनी वृद्धांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या जेवणात सेवा मिळावी म्हणून यी हाँग नावाचे केंद्र १९९४ मध्ये सुरू झाले, कारण इंग्रजी विसरलेल्या चिनी आजीला इंग्रजी बोलणाऱ्या परिचारिकेच्या हाती एकटे वाटते. आपण मराठी मंडळी भाषेचा विचार गणेशोत्सव, नाटक आणि दिवाळी अंक यांच्या संदर्भात करतो. सीमाभागातल्या वाचकांनी तर शाळा, पाट्या आणि कचेऱ्या यांसाठी मोठे लढे दिले आहेत. पण आपली नातवंडे ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत आपण शेवटचे पाणी मागू शकणार आहोत का, हाही भाषेचाच प्रश्न आहे. परकी बाई जर पाच मराठी शब्द बोलली आणि आपला नातू बोलू शकला नाही, तर त्या क्षणी आपला कोण?

सराफ्याची राखण

आमचा सराफा बाहेरगावच्यांना माहीत आहे तो खाण्यासाठी. दिवसा सोन्याचांदीची दुकाने. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर आणि पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू, जिलबी, साबुदाण्याची खिचडी. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. जुनी माणसे याचे एक कारण सांगतात. रात्री माणसांचा वावर राहिला तर सोन्याच्या दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच या गाड्यांना आसरा दिला. खरेखोटे इतिहासकार ठरवोत, पण त्यातला विचार मला पटतो. खिचडीवाला पहारेकरी नसतो. तरी तो तिथे असतो, जागा असतो, आणि कुलपाशी कुणी खटपट केली तर त्याला दिसते.

म्हाताऱ्या माणसाच्या सेवेचेही मला असेच तीन भाग दिसतात. एक काम, दुसरी राखण, तिसरी जबाबदारी. न्हाऊ घालणे, भरवणे, कपडे बदलणे हे काम. ते कौशल्याचे असते, आणि शिकलेली बाई ते मुलापेक्षा चांगले करते. ते पगारावर सोपवण्यात काहीही कमीपणा नाही. राखण म्हणजे आसपास माणसांचा वावर असणे. शेजाऱ्याने येताजाता डोकावणे, दूधवाल्याने दार उघडायला उशीर का झाला हे विचारणे. ही विकत मिळत नाही, पण एकट्या मुलाने करण्याचीही नाही. ती गल्लीची असते. आणि जबाबदारी म्हणजे, हे सगळे नीट चालले आहे ना याचे उत्तर शेवटी मी देणार, ही जाणीव. ही मात्र सोपवता येत नाही. ना बाईवर, ना ब्युरोवर, ना शेजाऱ्यावर.

राखण नाहीशी झाली की काय होते, हेही आमच्या शहराने पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये, स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या याच इंदुरात महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्यावरच्या निराधार वृद्धांना गाडीत घालून देवास रस्त्यावर शिप्रा गावाजवळ नेऊन उतरवले. ऐन थंडीत. गावकऱ्यांनी हटकले, चित्रण केले, तेव्हा त्यांना परत गाडीत बसवावे लागले. पुढे एका उपायुक्तांचे निलंबनही झाले. त्या वृद्धांना मुले होती की नव्हती कोण जाणे. त्या दिवशी त्यांची राखण केली ती रस्त्याकडेच्या अनोळखी माणसांनी.

कुणी म्हणेल, काम बाईने करायचे, राखण गल्लीने करायची, मग मुलाला ही चांगलीच पळवाट झाली. तो तिकडे बसून ‘जबाबदारी माझी’ म्हणत राहील. आक्षेप बरोबर आहे. म्हणून जबाबदारीची परीक्षा घ्यायला हवी, आणि ती सोपी आहे. आई सध्या कोणत्या गोळ्या घेते? काल ती काय बोलली? तिच्याजवळच्या बाईचे नाव काय, तिच्या घरी कोण आहे, आणि ती सुट्टीवर गेली की त्या दिवशी कोण येते? ज्याला ही उत्तरे पाठ आहेत तो सात समुद्रांपलीकडे असला तरी आईजवळ आहे. ज्याला ती येत नाहीत तो शेजारच्या खोलीत झोपत असला तरी दूर आहे. अशी घरेही मी पाहिली आहेत.

दिलेले उत्तर

माईंच्या सुनेला मी अखेर पत्रच लिहिले. फोनवर हे बोलणे जमले नसते. लिहिले ते असे. “तू यायचे ठरवलेस तर ये, पण प्रायश्चित्त म्हणून येऊ नकोस. प्रायश्चित्त घेणारा माणूस रोग्याच्या उशाशी बसला की रोग्यालाच त्याची समजूत काढावी लागते, आणि माईंना आता ते झेपणार नाही. यायचे असेल तर दोघांनी आळीपाळीने या. ती तुझी सासू आहे, पण त्याची आई आहे. आणि आला नाहीत तरी एक गोष्ट करा. साखळीच्या शेवटच्या टोकाला एक मुलगी आहे, तिच्याकडे पाहा.”

त्यानंतर काही गोष्टी घडल्या. बाईचा पगार वाढला. महिन्यातून चार दिवस तिला भरपगारी रजा ठरली, आणि त्या दिवसांसाठी दुसरी बाई. तिच्या आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, आता तिला बऱ्यापैकी दिसते. जुलैत मुलगी पुन्हा शाळेत गेली. दोन वर्षे मागे पडली आहे. टिकेल की नाही सांगता येत नाही. मुलगा पावसाळ्यात तीन आठवडे येऊन राहिला, आईला स्वतः भरवायला शिकला. आईने त्याला ओळखले नाही. ‘हे गृहस्थ चांगले आहेत,’ असे ती बाईला म्हणाली. प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. माई बऱ्या होणार नाहीत, आणि मुलाची रजा संपायची ती संपलीच.

राहिले माझे. आमचा मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. आम्हा दोघांनाही एक दिवस कुणाचा तरी हात लागणार. मी मुलांना सांगून ठेवले आहे की बाहेरचे माणूस लावा, खुशाल लावा. त्याची लाज तुम्ही बाळगू नका, आम्ही बाळगणार नाही. फक्त तिला तिच्या नावाने हाक मारा, तिचा पगार पहिल्या तारखेला द्या, आणि नातवंडांना मराठी येऊ द्या. आठवड्यातून एकदा त्यांच्याशी मराठीत बोलता आले की आमचे निभेल.

या दिवाळीला ती बडवानीची बाई आठ दिवस गावी जाणार आहे. बदलीची बाई फक्त दिवसाची मिळाली. रात्री आमच्या इमारतीतल्या चार घरांनी वाटून घेतल्या आहेत. धनत्रयोदशीची रात्र माझ्याकडे आहे.